पूल हार्बर: दोन मीटरच्या कीलला जागा शोधताना

पूल हार्बरचा चार्ट उघडला की आधी नजरेत भरतो तो हिरवा रंग. ब्रिटिश सागरी नकाशांत जमीन पिवळसर असते, खोल पाणी पांढरं, उथळ पाणी निळं आणि भरतीत बुडून ओहोटीत उघडं पडणारं सगळं हिरवं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये असलेलं हे बंदर साधारण 36 चौरस किलोमीटर पसरलेलं आहे आणि जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांत त्याचं नाव घेतात. सरासरी खोली मात्र सांगतात 48 सेंटिमीटर! आमच्या शिडाच्या बोटीची कील, म्हणजे बुडाखालचा उभा पाख, पाण्याखाली 2.1 मीटर उतरते.

खरं तर आत शिरायचा विचार नव्हता. खोल कीलवाले बहुतेक लोक करतात तेच आम्हीही करणार होतो. बंदराच्या तोंडाबाहेर, ओल्ड हॅरीच्या पांढऱ्या खडकांच्या कुशीत स्टडलंडचा उपसागर आहे. पाणी पुरेसं, पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा उत्तम. तळाशी सागरी गवताची कुरणं आहेत, त्यांत समुद्रघोडे राहतात. 2019 पासून तो संरक्षित सागरी विभाग आहे, म्हणून गवतावर नांगर न टाकता तिथल्या खास मूरिंगवर, म्हणजे तळाशी कायम जखडलेल्या बोयाला, बोट बांधावी अशी अपेक्षा असते. पण वारा पूर्वेला फिरला की स्टडलंड संपलं. सगळी लाट सरळ आत येते आणि रात्रभर बोट अशी डोलते की कपबशी टेबलावर राहत नाही. अंदाज तीन दिवस पूर्वेचाच होता.

‘असली बोट घेऊन पूलमध्ये कशाला जाता?’ हा सल्ला आम्हाला भरपूर मिळाला. माझं मत आता वेगळं आहे. पूलमध्ये पाणी आहे. मोठ्या जहाजांचा मार्ग 7.5 मीटरपर्यंत खोदलेला आहे, फ्रान्समधल्या शेरबूरला जाणारी फेरीसुद्धा त्यातूनच ये-जा करते. टंचाई आहे ती पाणीही आहे, थांबायची परवानगीही आहे आणि बोट फिरायला मोकळीकही आहे अशा जागेची. या तिन्ही गोष्टी एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतात.

आत जाताना स्वॉश चॅनेलच्या, म्हणजे बंदराकडे नेणाऱ्या जलमार्गाच्या, डाव्या हाताला दगडी ट्रेनिंग बँक आहे, प्रवाहाला वळण लावणारा बांध. भरतीला ती पाण्याखाली जाते, वर फक्त खांब दिसतात, तेव्हा मार्ग दाखवणारे तरंगते बोये सोडून आडवाट धरायची नाही. पुढे बंदराचं तोंड जेमतेम तीन-चारशे मीटर रुंद. एवढ्याशा फटीतून सगळ्या बंदराचं पाणी आत-बाहेर करतं, त्यामुळे उधाणाच्या ओहोटीला प्रवाह चार नॉटच्याही (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर जातो. आणि त्याच फटीत 1926 पासून गाड्या नेणारी साखळी फेरी चालते. ती तळाशी पडलेल्या साखळ्या ओढत पुढे सरकते. तिच्या जवळून, विशेषतः पुढून, जायच्या फंदात पडू नये. आम्ही ती काठाला लागेपर्यंत इंजिनावर अंतर राखून थांबलो. मागून येणाऱ्या एका मोटरबोटीला तेवढा धीर नव्हता. ती सुटली, पण फेरीवाल्याने दिलेला भोंगा पार पलीकडच्या किनाऱ्यावर ऐकू गेला असेल.

तोंडातून आत आलं की उजवीकडे शहराकडे जाणारा गजबजलेला मार्ग, समोर ब्राउनसी बेट आणि डावीकडे साउथ डीप. नावाप्रमाणे हा दक्षिणेकडचा खोल चर आहे. ब्राउनसी आणि मुख्य भूमीच्या मधून वाकडातिकडा पश्चिमेकडे जातो, वेगमर्यादा कमी, वस्ती जवळपास नाही. आमच्यासाठी जागा असेल तर इथेच, हे चार्टवरून कळत होतं.

इथे पूलच्या भरतीबद्दल सांगायला हवं, कारण खोल कीलवाल्याला बंदर समजायचं तर आधी ती समजावी लागते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाण्याचा चढउतार दीड-पावणेदोन मीटर, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जेमतेम अर्धा. शिवाय इथे भरती दोनदा लागते. पाणी चढतं, थोडं उतरतं, पुन्हा चढतं आणि मग खऱ्या अर्थाने सुकतं. त्यामुळे दिवसाचे बरेच तास पाणी वरच्या पातळीला रेंगाळतं आणि ओहोटी उरलेल्या वेळात घाईघाईने उरकते. वरकरणी ही मजाच वाटते. पण संध्याकाळी सहा वाजता ऐसपैस दिसणारी खाडी रात्री अर्धी चिखल झालेली असते.

कॅबिनमध्ये टेबलाशी बसून आम्ही हिशेब मांडला. माझा मित्र बोटीचा मालक आणि कप्तान, मी हरकाम्या. चार्टवरची खोली जवळजवळ सर्वांत नीच ओहोटीची असते, भरतीच्या तक्त्यातली उंची तिच्यात मिळवायची. रात्रीच्या ओहोटीची उंची तक्त्यात 0.8 मीटर. चार्टवर जिथे 1.9 लिहिलंय तिथे म्हणजे 2.7 मीटर पाणी राहणार, कीलखाली 60 सेंटिमीटर. वाईट नाही. तेवढ्यात त्याने बॅरोमीटरकडे बोट दाखवलं: 1034. भरतीचे तक्ते सरासरी हवेचा दाब धरून बनवतात, 1013च्या आसपास. त्याहून एक मिलिबार दाब जास्त असला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर दबतो. म्हणजे वीस सेंटिमीटर गेले. पूर्वेचा वारा आणि चढा दाब इंग्लंडमध्ये पुष्कळदा जोडीनेच येतात, तेव्हा हा तोटा काही दुर्मीळ नव्हे.

‘मग चार्टवर विसंबायचंच कशाला?’ तो म्हणाला. ‘आत्ता मोजू या.’

हा उपाय इतका सरळ आहे की लोक तो करत नाहीत. आत्ता प्रत्यक्ष किती पाणी आहे ते मोजलं की दाबाचा, वाऱ्याचा, चार्ट जुना असल्याचा सगळा फरक त्या आकड्यात आलेलाच असतो. उरतं एवढंच, की आत्तापासून ओहोटीपर्यंत किती उतरणार. तक्त्याप्रमाणे आत्ताची उंची 2.0, रात्रीची 0.8, म्हणजे 1.2 मीटर उतरणार. कील 2.1, खाली अर्धा मीटर शिल्लक हवं. बेरीज 3.8. आत्ता 3.8 मीटरपेक्षा कमी पाणी जिथे लागेल तिथे आपलं काम नाही. पाणी वरच्या पातळीला रेंगाळत होतं, त्यामुळे मोजायला निवांत वेळही होता.

बोटीचा साउंडर, म्हणजे खोली मोजणारं यंत्र, फक्त बोटीखालचं सांगतो. नांगरावर बोट फिरली की ती कुठे जाईल तिथलं काय? म्हणून मी डिंगीत, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीत, उतरलो. हातात शिशाचं वजन बांधलेली दोरी, तिला दर अर्ध्या मीटरला रंगीत चिंधी, 3.8ला लाल. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात थोडं ग्रीस भरलं. वजन तळाला टेकून वर आलं की ग्रीसला काय चिकटलंय ते बघायचं. पहिल्या दोनतीन वेळा करडा, लोण्यासारखा चिखल. नांगराला उत्तम. पुढे काठाकडे सरकलो तर शिंपल्यांचा चुरा, आणि लाल चिंधी पाण्याच्या वर हातभर. एवढ्यात चर संपला होता! मागे वळून पाहिलं तर खोल पट्ट्याच्या मधोमध आमची बोट उभी, आणि पट्टा वाटला होता त्याच्या निम्मा रुंद.

नांगराची साखळी आम्ही 25 मीटर सोडणार होतो, बोट 12 मीटरची. पूर्ण गिरकी घेतली तर सत्तरेक मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. एवढं रुंद पाणी मोकळं मिळेना, कारण बऱ्याच जागी आधीच मूरिंगचे बोये ओळीने लावलेले. फर्झी बेटाच्या बाजूला तर नांगराचा विचारही नको. तिथे विच फार्म या पश्चिम युरोपातल्या सर्वांत मोठ्या जमिनीवरच्या तेलक्षेत्राच्या विहिरी पाइनच्या झाडांआड लपवलेल्या आहेत आणि तिथून पाइपलाइन खाडीखालून जमिनीकडे जातात.

वर्तुळाची गरज थोडी कमी झाली ती वाऱ्यामुळे. पूर्वेचा वारा साधारण खाडीच्या लांबीनेच वाहत होता, त्यामुळे बोट आडवी फिरायची शक्यता कमी होती. दोन मूरिंगच्या रांगांमध्ये एक लांबट मोकळी जागा दिसली. चारी बाजूंना चिंधी पाण्यात. मी हात वर केला, कप्तानाने नांगर सोडला, इंजिन मागे घेऊन ताणून पाहिलं. काठावरचा एक खांब आणि त्यामागचं झाड एका रेषेत धरलं. हललं नाही.

ओहोटी लागली तेव्हा नवा प्रश्न आला. प्रवाह आता पूर्वेकडे, वाऱ्याच्या विरुद्ध. आमच्या खोल कीलवर पाण्याचा जोर जास्त, म्हणून आम्ही प्रवाहाकडे तोंड करून पश्चिमेला वळलो. शेजारच्या उथळ बुडाच्या मोटरबोटीला पाण्याची फिकीर नाही. तिची केबिन उंच, ती वाऱ्याचं ऐकून पूर्वेकडेच तोंड करून राहिली. परिणाम असा, की दोघांच्या शेपट्या एकमेकांकडे सरकल्या आणि त्यांच्या डेकवरच्या गृहस्थांना आमचं जेवण काय आहे ते न विचारता कळलं. आम्ही चार मीटर साखळी आत घेतली. उथळ बंदरात शेजार निवडताना पुढची बोट किती लांब आहे हे कोणीही बघतं. तिचं बूड कसलं आहे हे बघणं जास्त उपयोगाचं.

रात्री ओहोटीच्या तळाशी साउंडर 2.7 दाखवत होता, कप्तानाने लावलेल्या हिशेबाच्या आसपास. दोन्ही बाजूंना चंद्रप्रकाशात चिखल चकाकत होता. पलीकडच्या काठावर जोडकीलची एक छोटी बोट चिखलात दोन पायांवर ताठ उभी, आत दिवा आणि रेडिओ चालू. पूल अशाच बोटींसाठी बनलंय. त्यांना हिरवा रंग म्हणजे रिकामं पार्किंग. आमच्या एका कीलवर पाणी गेलं की बोट कुशीवर आडवी.

सकाळी डिंगीतून ब्राउनसीच्या पश्चिम टोकाला गेलो. 1907 साली बेडन-पॉवेल यांनी स्काउटचा पहिला प्रायोगिक तळ याच बेटावर भरवला, आता बेट नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि तांबड्या खारी बघायला लोक येतात. आम्हाला खारी दिसल्या नाहीत. किनाऱ्यावर मात्र वाळूऐवजी फुटक्या खापऱ्या. 1850च्या दशकात एका कर्नलने इथली माती उंची चिनी मातीची समजून बेट विकत घेतलं आणि मोठा कारखाना काढला. माती निघाली सांडपाण्याच्या नळांच्या लायकीची. ते नळ अजून पायाखाली कुरकुरतात.

निघायची वेळ ठरवताना आम्ही पहिल्या भरतीनंतरचा तो रेंगाळलेला मधला काळ धरला. पूर्ण ओहोटीत निघालो असतो तर तोंडाशी चार नॉटचा प्रवाह आणि समोरून पूर्वेचा वारा, म्हणजे बाहेर आखूड, उभ्या लाटांचा मार. मधल्या काळात प्रवाह जेमतेम एक नॉट होता. नांगर वर आला तो करड्या चिखलाचा गोळा होऊन, आणि तो धुवायला बादल्या उपसता उपसता साखळी फेरीची जागा कधी मागे पडली ते मला कळलंही नाही. कप्तानाला मात्र कळलं होतं, कारण या वेळीही फेरी आमच्यासाठी थांबली नव्हती आणि आम्हालाच एक गिरकी मारावी लागली.