वर मेस्सी, खाली शुभेच्छुक

गुरुवार, 4 जून 2026

वर्गणीची वही काल गल्लीत फिरली. गणपतीची नव्हे, फुटबॉल वर्ल्ड कपची. दर चार वर्षांनी कोल्हापुरात हे असंच असतं. एक गल्ली अर्जेंटिनाची, पलीकडची ब्राझीलची, मधल्या बोळात दोन-चार जर्मनीवाले, आणि पोर्तुगालच्या नावाखाली सगळे रोनाल्डोवाले. शाहू स्टेडियमवरचा हंगाम आटोपलाय, पोरं रिकामी आहेत, पेठांची ईर्षा कुठंतरी जिरायला पाहिजेच.

संध्याकाळी डिजिटल फलकाचं डिझाइन बघायला दुकानात गेलो. ऑपरेटरनं मेस्सी ओढून मोठा केला, हातात कप, मागं निळे-पांढरे पट्टे. खालच्या ओळीत आमच्या पोरांचे फोटो, निम्मे गॉगल लावलेले, वर ‘शुभेच्छुक’. त्यानं सवयीनं विचारलं, "नेते कुठं घ्यायचे?" सगळी हसली. "मेस्सीच नेता, दुसरा कोण नको." मग तो म्हणाला, "कोपऱ्यात तिरंगा घेऊ काय?"

ह्यावर लगेच कुणी बोललं नाही. घे म्हणावं तर कशासाठी? आणि नको म्हणायची तर कुणाची छाती? शेवटी घेतला. डाव्या कोपऱ्यात, चहावाल्याच्या जाहिरातीशेजारी.

शनिवार, 6 जून

बायको म्हणाली, "एवढ्या शिव्या घालताय फिफाला, मग बघताय कशाला?"

शिव्या घालायला कारणं भरपूर आहेत. 48 संघ, 104 सामने, तीन देश. फायनलचं सगळ्यात महागडं तिकीट पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हाच 6,730 डॉलरचं होतं, म्हणजे सहा लाखांच्या घरात. वर मागणी वाढेल तशी किंमत वाढवायची, आणि कुणी आपलं तिकीट फिफाच्याच साइटवर परत विकलं तर विकणाऱ्याकडूनही 15 टक्के कापायचे आणि घेणाऱ्याकडूनही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून हलगीच्या तालावर घसा फोडणाऱ्या माणसाला हा हिशोब डोक्यात शिरत नाही.

पैशाचं एकवेळ सोडा. हैतीचं वाचून खरंच पोटात कालवलं. 1974 नंतर पहिल्यांदा पात्र ठरलेत. देशात टोळ्यांचा एवढा धुमाकूळ की घरचे सामनेसुद्धा परमुलखात, कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटावर खेळावे लागले. एवढं करून अमेरिकेत पोचले, तर प्रवासबंदीच्या यादीत हैतीचं नाव. खेळाडूंना सूट, पाठीराख्यांना नाही. पन्नास वर्षं वाट बघायची आणि मग टीव्हीवरच बघायचं.

2022 ला कतारच्या वर्ल्ड कपच्या वेळीही मी असाच पेटलो होतो. तिथं राबायला गेलेले मजूर बरेचसे आपल्याच भागातले: नेपाळ, बांगलादेश, भारत. वर्ल्ड कपच्या कामांवर चारशे ते पाचशे जण दगावले असतील, असं तिथल्या आयोजकांचा प्रमुख अल-थवादी स्वतः मुलाखतीत बोलून गेला. त्या दिवसांत मी कट्ट्यावर त्यावर तावातावानं बोलायचो. आणि 18 डिसेंबरला, फायनलच्या रात्री? जादा वेळेच्या अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा सुटला, अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं डावा पाय टाकून बॉल अडवला, तेव्हा मी खुर्चीवर उभा होतो. मोन्तिएलची पेनल्टी आत गेल्यावर तर गल्लीत फटाक्यांच्या धुरात कोण कुणाला मिठी मारतंय ते दिसत नव्हतं. त्या मजुरांची त्या रात्री मला आठवणसुद्धा झाली नाही. राग खोटा नव्हता, पण शिट्टी वाजली की तो बाजूला सरकतो. ह्या वेळीही सरकेल. बायकोला हे सांगितलं. "मग आत्ताच सरकवा आणि जेवायला बसा," म्हणाली.

सोमवार, 8 जून

जे बाजूला सरकत नाही ते वेगळंच आहे, आणि ते कट्ट्यावर कुणी काढत नाही.

18 नोव्हेंबर 2025. त्या रात्री ढाक्यात आपण बांगलादेशाकडून 1-0 हरलो. आशिया कपची पात्रता आधीच हुकली होती, आता अब्रूही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर बातमी: किंग्स्टनमध्ये जमैकाला 0-0 रोखून क्युरासाओ वर्ल्ड कपला पात्र. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आपल्या इचलकरंजीची 2011 च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या वर होती! म्हणजे निम्मी इचलकरंजी वर्ल्ड कपला निघाली. केप वर्देही पहिल्यांदा पात्र झालाय, तो देश साधारण कोल्हापूर शहराएवढा. तेव्हापासून हा आकडा डोक्यातून जात नाही.

कट्ट्यावर एकानं लगेच उत्तर दिलं, "ती पोरं हॉलंडमध्ये वाढलेली हाईत, त्यात काय विशेष?" खरं आहे, क्युरासाओचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्येच जन्मले, तिथंच शिकले. घटकाभर बरं वाटलं. पण मग उझबेकिस्तानचं काय? जॉर्डनचं काय? दोघंही आपल्याच आशियातून, दोघंही पहिल्यांदाच. जॉर्डन तर अर्जेंटिनाच्याच गटात आहे. आमच्या डिजिटलवरचा मेस्सी ज्या जॉर्डनशी खेळणार, तो काल-परवापर्यंत आपल्याच रांगेत उभा होता.

आपण कुठं अडलो ते तर तारखेनिशी पाठ आहे. 11 जून 2024, दोहा. समोर कतार. आपल्या छांगतेनं 37 व्या मिनिटाला गोल केला, आपण पुढं. जिंकलो असतो तर वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच गेलो असतो. 73 व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतच्या शेजारून बॉल रेषेबाहेर गेला, स्पष्ट गेला, आपली पोरं थांबली. कतारच्या खेळाडूनं बाहेरून बॉल आत ओढला, दुसऱ्यानं जाळीत मारला, पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. मग दुसरा गोल खाल्ला आणि खेळ खलास. त्याच्या पाचच दिवस आधी कोलकात्यात सुनील छेत्रीनं कुवेतविरुद्ध खेळून निरोप घेतला होता, मागाहून 2025 मध्ये तो परत खेळला ते वेगळं. येत्या गुरुवारी, ज्या दिवशी वर्ल्ड कप सुरू होतोय, त्या गोलाला बरोबर दोन वर्षं होतील. तारखा कोण ठरवतं कुणास ठाऊक.

अर्थात एका गोलावर सगळं फोडणं सोपं आहे. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी आयएसएल, म्हणजे आपली देशातली फुटबॉल लीग, ह्या हंगामात डिसेंबर उजाडला तरी सुरू नव्हती, हक्कांच्या भांडणात खेळाडू घरी बसून. तिथं पंचानं काय केलं होतं?

एकदाच असं झालं की मला वर्ल्ड कपमध्ये दुसऱ्याचा देश उसना घ्यावा लागला नाही. 2017 चा सतरा वर्षांखालचा. यजमान म्हणून जागा मिळाली होती, मान्य. पण दिल्लीच्या मैदानावर भारताच्या निळ्या जर्सीत आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव धावत होता. अमेरिकेनं तीन मारले. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं हेडरनं बरोबरी केली, तेव्हा आमच्या घरात भांडी पडली, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी परत गोल केला. घानानं चार घातले. तिन्ही हरलो. पण त्या आठवड्यात रात्री झोप लागायची नाही ती वेगळ्या कारणानं. अर्जेंटिना सौदीकडून हरली तेव्हा चिडलो होतो, पण दहा मिनिटांत ब्राझीलवाल्यांशी शिवीगाळ करत चहा पिऊन आलो. घानाच्या त्या मॅचनंतर चहा नको वाटला होता.

बुधवार, 10 जून

डिजिटल लागलं. फोटोत आपलं नाक बारीक आलंय म्हणून एक शुभेच्छुक रुसला आहे.

टायमिंगची रड मात्र मोठी. उद्घाटनाचा सामना, मेक्सिको-दक्षिण आफ्रिका, आपल्याकडं गुरुवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला. ब्राझील-मोरोक्को पहाटे साडेतीनला, म्हणजे तालमीतल्या प्रोजेक्टरपुढं अर्धी पोरं घोरणार. अर्जेंटिनाचा पहिला सामना सकाळी साडेसहाला अल्जीरियाशी. तो बघून कामावर वेळेत कोण जाणार, देव जाणे. एक सामना मात्र माणसांच्या वेळेत आहे: जर्मनी विरुद्ध क्युरासाओ, रविवारी रात्री साडेदहा.

मधल्या बोळातल्या जर्मनीवाल्यांना आत्ताच सांगून आलो, रविवारी मी तुमच्या समोरच्या बाजूला बसणार. त्यांच्यातलं एक पोरगं म्हणालं, "काका, क्युरासाओ तुमचं कोण लागतंय ओ?"

"कोण नाही," म्हणालो. "पण एक तरी गोल घालतील. लाव मिसळीची पैज."

लावली त्यानं. वर पाव जास्तीचा द्यावा लागेल म्हणतोय.