ठाणे ते परळ, रिकाम्या पोटी

"सकाळी आठला या, बाळाला उपाशी ठेवा." भूल देऊन डोळे तपासण्याची तारीख देताना पालकांना बहुतेक वेळा एवढंच सांगितलं जातं, आणि ते अर्धवट आहे. या अर्धवट वाक्यापायी कळवा, ऐरोली, खारघरहून पहाटे निघालेली माणसं तपासणी न होताच परत येतात आणि पुढची तारीख आठवड्या-दोन आठवड्यांनंतरची मिळते. रेटिनोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातल्या पडद्याचा कॅन्सर. त्याच्या उपचारासाठी ठाणे-नवी मुंबईतून परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात ज्या फेऱ्या होतात त्यांचा हा वृत्तांत आहे. सगळ्यात वाईट टप्पा हा उपाशी सकाळचा, म्हणून आधी तोच.

उपाशी ठेवणं घड्याळावर चालतं. पावडरचं किंवा गाई-म्हशीचं दूध, पेज, बिस्कीट भुलीआधी 6 तास बंद. अंगावरचं दूध 4 तास बंद. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. रुग्णालयाने वेगळी वेळ लिहून दिली असेल तर तीच पाळायची. म्हणजे भूल 8 वाजता असेल तर वरचं दूध रात्री 2 च्या आत, अंगावर पाजणं पहाटे 4 पर्यंत, दोन-चार चमचे पाणी 6 पर्यंत. त्यासाठी रात्री दीडचा गजर लावा आणि बाळाला उठवून पाजा. घरोघरी होतं ते वेगळंच. रात्री नऊला जेवण, मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. तान्ह्या बाळाची साखर उतरते, ते मलूल पडतं. नाहीतर उलटं होतं: गाडीत बाळ रडतं आणि कुणीतरी माया करून पिशवीतलं बिस्कीट त्याच्या हातात देतं. एक बिस्कीट पोटात गेलं की त्या वेळेची भूल रद्द. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून भूलतज्ज्ञ ऐकत नाहीत आणि त्यांनी ऐकूही नये. खाल्लं असेल तर लपवू नका. जीवावरचा प्रश्न आहे. सोबत आलेल्या प्रत्येकाची पिशवी घरीच तपासा.

भूल रद्द होण्याचं दुसरं कारण सर्दी. नाक गळतंय, छातीत घरघर आहे किंवा ताप आहे, तर आदल्या दिवशीच फोन करून विचारा. सकाळी पोचल्यावर नकार ऐकण्यापेक्षा ते बरं. पोचल्या पोचल्या यादीतला नंबर विचारा. साधारणपणे लहान बाळं आधी घेतात, पण यादी मागे सरकते. सरकली तर नर्सला स्पष्ट विचारा, "आता पाणी देऊ का?" बाहुली मोठी करणारे थेंब दोन-तीनदा घालावे लागतात, त्यात पाऊण तास सहज जातो. दुधाची बाटली जवळ ठेवा, पण बाळाच्या नजरेआड.

आता रस्ता. ठाण्याहून टाटा मेमोरिअलला जायचं तर परळ स्टेशनला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं, मग चालत किंवा टॅक्सीने. जलद गाडी दादरपर्यंत लवकर नेते, पण कडेवर बाळ घेऊन दादरचा जिना गर्दीत चढायच्या फंदात पडू नका. पहाटेची धीमी गाडी धरा. सात-साडेसातनंतर ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बाळाला घेऊन चढूच नये. कॅन्सरच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, उपचाराचा कागद हाताशी ठेवा. खारघर-नेरुळकडच्यांनी हार्बरने कुर्ल्याला बदलून परळ करावं किंवा सरळ शिवडीला उतरून टॅक्सी करावी. कुर्ल्याच्या पुलापेक्षा शिवडी केव्हाही बरं. उलवे-पनवेलहून खासगी गाडी केलीत तर टोलचा हिशोब आधी बोला. अटल सेतूवर परतीसकटचा टोल दोन वेगळ्या टोलांपेक्षा स्वस्त पडतो, पण गाडीवाले दोन्ही बाजूंचे पूर्ण लावतात.

ही तारीख मिळेपर्यंतच बहुतेकांचे महिने गेलेले असतात, आणि राग येतो तो त्याचा. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, रात्री मांजराच्या डोळ्यासारखी, किंवा फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो. घरात म्हणतात, फूल पडलंय, जाईल. डोळा तिरळा होतो तर म्हणतात, मोठेपणी सुटेल. औषधाच्या दुकानातून थेंब येतात. या दोन खुणांवर थेंब देऊन "महिन्याने दाखवा" म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. त्याच आठवड्यात बाहुली मोठी करून पडदा बघणारा डोळ्यांचा डॉक्टर गाठा. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, 153 देशांतल्या 4,351 मुलांच्या अभ्यासात निदानाचं मधलं वय श्रीमंत देशांत 14 महिने आणि सर्वांत गरीब देशांत 30 महिने निघालं. निदानाच्या वेळी आजार शरीरात इतरत्र पसरलेली मुलं श्रीमंत देशांत 0.3 टक्के होती, सर्वांत गरीब देशांत 18.9 टक्के. आपण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहोत. औषधं तीच आहेत. फरक पडतो तो वाटेत गेलेल्या महिन्यांनी.

निदानासाठी डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत. तसं कुणी सुचवलं तर तिथून उठा. सुईच्या वाटेने गाठ डोळ्याबाहेर पडू शकते. पडद्याची तपासणी, सोनोग्राफीत दिसणारे चुन्याचे ठिपके आणि एमआरआय, एवढ्यावर निदान होतं. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात. आजार आनुवंशिक असेल तर किरणांमुळे पुढे दुसऱ्या कॅन्सरचा धोका वाढतो.

एमआरआयमध्ये पैसे फुकट जातात. चिठ्ठीवर नुसतं "ब्रेन" लिहिलेलं असलं की सेंटरवाला मेंदूचाच करून देतो, डोळ्याच्या खोबणीचे बारीक छेद त्यात नसतात, आणि पुन्हा भूल, पुन्हा पैसे. चिठ्ठीवर "दोन्ही ऑर्बिट आणि ब्रेन, कॉन्ट्रास्टसह" असं लिहून घ्या. ऑर्बिट म्हणजे डोळ्याची खोबण, कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध. दर विचारताना चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: स्कॅन, कॉन्ट्रास्ट, भूलतज्ज्ञाची फी, सीडी. फोनवर सांगतात तो आकडा बहुधा पहिल्या एकाचाच असतो. त्याआधी रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर जा. महात्मा फुले जन आरोग्य योजना रोखरहित आहे, मंजुरी आधी लागते, आणि बाहेर भरलेले पैसे परत मिळत नाहीत. इथे अडतं ते रेशन कार्डावर बाळाचं नाव नसल्यामुळे. जन्मदाखला, आई-वडिलांचं आधार आणि बाळाचं आधार काढून ठेवा, नाव चढवायचा अर्ज त्याच दिवशी टाका.

मग तो दिवस येतो. एकाच डोळ्यात आजार, डोळा गाठीने भरलेला, नजर गेलेली, आणि डॉक्टर म्हणतात, डोळा काढावा लागेल. "घरी विचारून येतो" म्हणून निघालेलं कुटुंब तीन महिन्यांनी येतं तेव्हा डोळा बाहेर आलेला असतो. आमचं स्पष्ट मत: अशा डोळ्यासाठी दुसरीकडे उपाय शोधत फिरू नका. आजार डोळ्याच्या आत असताना डोळा काढला तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. बाहेर पडला तर तेच मूल वाचवणं फार कठीण होतं. आजीआजोबांना समजावायचं असेल तर त्यांनाच डॉक्टरांसमोर बसवा. शस्त्रक्रिया साधारण तासाभराची. आत एक गोळा बसवतात आणि पापण्यांमागे पारदर्शक चकती ठेवतात. ती घरी निसटली तर फेकू नका. धुऊन डबीत ठेवा आणि रुग्णालयात बसवून घ्या. महागडा सच्छिद्र गोळा हवाच असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. पीएमएमए या साध्या प्लास्टिकच्या गोळ्यावर स्नायू नीट जोडले तरी कृत्रिम डोळा हलतो.

हा आजार नेहमी न बघणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली असेल तर एक प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर पडू नका: "डोळा पॅथॉलॉजीला पाठवला का?" काढलेला डोळा, त्याला जोडलेल्या चक्षुनाडीच्या (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) लांब तुकड्यासह, तपासलाच पाहिजे. नाडीत गाठ मागपर्यंत शिरली आहे का, पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरात 3 मिलिमीटर किंवा जास्त पसरली आहे का, यावर पुढे किमो द्यायची की नाही हे ठरतं. डोळा तपासलाच नाही तर ते कळायचा मार्गच उरत नाही. रुग्णालय बदलताना तपासलेल्या तुकड्यांच्या काचपट्ट्या (स्लाइड) आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

किमोचे दिवस त्या मानाने सोपे. व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड, कार्बोप्लॅटिन, बहुधा 6 फेऱ्या, दर 3-4 आठवड्यांनी. सलाइन चालू असताना हाताला जळजळ किंवा सूज दिसली तर लगेच ओरडून सांगा, व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पेशींचे काउंट उतरतात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची वेळ नाही. ठाण्याहून रात्री दोनला परळ गाठता येईल का, की जवळचं कुठलं रुग्णालय घेईल, हे पहिल्या किमोच्या दिवशीच विचारून चिठ्ठी घ्या. पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पोलिओच्या मोहिमेत दारावर आलेल्या ताईंना आजार सांगा. बाळाला तोंडावाटेचे थेंब नकोत, आणि घरातल्या भावंडांना इंजेक्शन चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

कृत्रिम डोळा साधारण 6 आठवड्यांनी. माप घेऊन बनवलेला घ्या. तयार वाटी स्वस्त असते, पण खोबणीत नीट बसत नाही, पाणी येत राहतं. वर्षातून एकदा पॉलिश, आणि मूल वाढेल तसा बदल. उरलेल्या डोळ्यासाठी सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा चष्मा, नंबर नसला तरी, जागेपणी कायम.

लहान भावंडांना त्याच महिन्यात डोळे तपासायला न्या, दिसायला ठणठणीत असली तरी. आई-वडिलांचेही डोळे एकदा पाहून घ्या. ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो त्या आरबी1 जनुकाची रक्ततपासणी विचारा. आई किंवा वडिलांना लहानपणी हा आजार दोन्ही डोळ्यांत झाला असेल तर प्रत्येक बाळाला तो बिघडलेला जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि अशा बाळाची पहिली तपासणी जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतच व्हायला हवी. तिची तारीख बाळंतपणाआधीच घेऊन ठेवा.