हशा मोजायचा कसा: कमी बजेटच्या विनोदी सिनेमाच्या चाचणी शोंचा अनुभव

पहिल्या चाचणी शोनंतर प्रेक्षकांनी भरलेले फॉर्म मोजले, तेव्हा पाचपैकी सरासरी गुण तीनच्या आसपास आले. तेवढ्यावर थांबलो असतो तर ‘बरा आहे’ असं समजून दोन-चार प्रसंग कापले असते आणि मोकळे झालो असतो. पण गुणांप्रमाणे फॉर्मचे ढीग लावले तर तीनचा ढीग सगळ्यात लहान निघाला. एक-दोनवाले एका बाजूला, चार-पाचवाले दुसऱ्या. विनोदी सिनेमाची सरासरी काढू नये, ढीग लावावेत. फॉर्मवर नावाऐवजी रांगेचा नंबर लिहून घेतला होता, तो इथे कामी आला. एक-दोनवाले बरेचसे मागच्या चार रांगांतले होते. त्यांना विनोद पटला नव्हता असं नाही, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. मतं दुभंगली की आधी यांत्रिक कारणं शोधायची: आवाज, पडदा, हॉल, कट. ती संपल्यावर जे उरेल त्यालाच आवडनिवड म्हणायचं.

सिनेमा 22 दिवसांत सांगली जिल्ह्यातल्या एका गावात झाला. आवाज जागेवरच घेतला होता. पहिला कट 1 तास 52 मिनिटांचा. चाचणीचे शो सेन्सॉरच्या आधीच उरकले, तिकीट न लावता, फक्त बोलावलेल्या लोकांसाठी. प्रमाणपत्र हातात आल्यावर कटमध्ये काहीही हलवलं तर ते पुन्हा मंडळाकडून मान्य करून घ्यावं लागतं, त्यामुळे नंतर चाचणी घेण्यात अर्थ नसतो.

हॉल निवडताना एकच नियम: खुर्च्या कमी, माणसं पूर्ण. 300 खुर्च्यांच्या सभागृहात 60 माणसं बसवली की जो तो आपापल्या बेटावर बसतो आणि हसायला लाजतो. तीच 60 माणसं 60 खुर्च्यांत बसली की शेजारच्याचं हसू लागतं. नातेवाईक आणि युनिटमधले लोक आत नकोत. ते विनोदाच्या आधीच हसतात आणि रेकॉर्डिंग बिघडवतात.

तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय मिळालं, तिथे दोन चुका पकडल्या. मिक्सरवर ऑर्केस्ट्रासाठी लावलेला ‘इको’ तसाच चालू होता. संवादाला इको लागला की जोडाक्षरं चिखलात जातात, तो आधी शून्यावर आणायचा. दुसरी चूक आमचीच. वायर वाचवायला ब्लूटूथवरून आवाज दिला. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. एरवी हे चालून जातं, पण टायमिंगच्या विनोदात जातो तो नेमका तेवढाच तुकडा. वायरच लावायची, आणि स्पीकर भिंतींना नाही तर पडद्याखाली, प्रेक्षकांकडे तोंड करून.

हशा नोंदवायला दोन रेकॉर्डर ठेवले, एक पुढच्या तिसऱ्या रांगेजवळ, एक मागे. 48 किलोहर्ट्झ, लेव्हल हाताने ठरवलेली. ऑटो लेव्हल ठेवली तर शांततेत आवाज आपोआप वाढतो, मोठ्या हशात दबतो आणि आलेखाला काही अर्थ राहत नाही. रेकॉर्डिंग सिनेमाशी जुळवता यावं म्हणून सिनेमा सुरू होताना एक टाळी, मध्यंतरानंतर पुन्हा एक. स्वस्त रेकॉर्डरचं घड्याळ दीड तासात काही फ्रेम सरकतं, म्हणून दुसरी टाळी. नंतर हे दोन्ही ट्रॅक एडिटच्या टाइमलाइनवर सिनेमाखाली लावायचे. शोनंतर लोक काय म्हणतात यापेक्षा हा ट्रॅक खरा. फॉर्मवर ‘खूप हसलो’ लिहिणारा शेवटचा अर्धा तास खुर्ची करकरवत असतो, तेही त्यात ऐकू येतं.

फॉर्म अर्ध्या पानाचा, पेन्सिल सोबत. ‘आवडला का’ हा प्रश्न शेवटी. आधी ‘कुठे कंटाळा आला’, ‘कोणाचं बोलणं कळलं नाही’, ‘शेवटी काय झालं ते एका ओळीत लिहा’. त्या एका ओळीवरून कळतं की एक-दोनचा ढीग नाराज आहे की त्याला गोष्टच समजलेली नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट. पटकथेत हशाच्या जागांवर खुणा होत्या. त्यातल्या पडलेल्या जागा ट्रॅकवर तपासल्या, तर बऱ्याच ठिकाणी हशाचं वाक्य स्पष्ट होतं आणि त्याच्या आधीचं, पाया घालणारं वाक्य अस्पष्ट. शूटिंगला सगळ्यांचं लक्ष पंचवर, म्हणजे हशाच्या वाक्यावर असतं. पायाचं वाक्य पाठमोरं, चालता चालता किंवा फ्रिजच्या घरघरीत उरकलेलं असतं. कॉलर माइक सुती सदऱ्याच्या आत घासतो, तेही तिथेच. अशी वाक्यं डब करावी लागली. डबिंगमध्ये नट ओठ पकडतो पण वेग सोडतो. म्हणून ओठ दिसत नसतील तिथे नव्या आवाजाच्या लयीवर चित्र कापलं, चित्राच्या मापाने आवाज ओढला नाही. प्रत्येक जागेवर 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड केलेली नसेल, तर डब केलेलं वाक्य भोकासारखं वेगळं ऐकू येतं. आमच्याकडे निम्म्या ठिकाणी नव्हती. ती दोन वाक्यांमधल्या श्वासांतून गोळा करावी लागली, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येऊ नये.

यानंतर पॉज. आपले बहुतेक विनोदी नट नाटकातून येतात. रंगमंचावर ते हशा बसू देतात आणि उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतात. कॅमेऱ्यासमोर प्रेक्षक नसतो, तरी सवयीने पॉज घेतला जातो आणि तो कधी लांब, कधी आखूड होतो. मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नटांनी 1935 साली सिनेमातले प्रसंग आधी गावोगावी रंगमंचावर करून हशे मोजले होते, ते याच अडचणीमुळे. आम्हाला ते परवडलं नाही, म्हणून ट्रॅकवर मोजलं. मध्यम हशा दीड ते दोन सेकंद टिकतो, म्हणजे 24 फ्रेमच्या हिशोबाने 36 ते 48 फ्रेम. तेवढी जागा सोडली नाही तर पुढचं वाक्य बुडतं, आणि ते पुढच्या विनोदाचा पाया असेल तर दोन विनोद जातात.

पण भरल्या हॉलसाठी सोडलेली ही जागा जेमतेम बारा माणसं असलेल्या दुपारच्या शोमध्ये मेलेली वाटते. एकच सिनेमा रात्री धमाल आणि दुपारी रटाळ वाटण्याचं मोठं कारण हेच. उपाय असा की जागा सोडायची, पण रिकामी नाही. पंचनंतर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर यायचं किंवा हाताला काही काम द्यायचं. त्यात नवी माहिती मात्र नको. पुढच्या वाक्याची सुरुवात बुडाली तरी चालेल अशी ठेवायची: ‘अहो पण’, ‘नाही म्हणजे कसंय’. हे शब्द हशाखाली गेले तरी काही बिघडत नाही आणि रिकाम्या हॉलमध्ये ते शांतता झाकतात. डबिंगच्या वेळी अशी डझनभर सुरुवातीची टेकणं जादा रेकॉर्ड करून ठेवावीत.

पंचखाली वाजणारे ‘टॉइंग’छाप आवाज पहिल्या शोला ठेवले, दुसऱ्याला काढले. हशा जिथे होता तिथे राहिला, नव्हता तिथे आवाज असतानाही नव्हता. सगळे काढून टाकले.

इतकं निस्तरल्यावर जी फाटाफूट उरली ती खरी होती. पुण्याच्या हॉलमध्ये ‘काय करालायस’ एवढ्यावरच हशा यायचा. तालुक्याच्या गावी तिथे शांतता, कारण तिथे ते नुसतं बोलणं आहे. उलट चिटबॉय दारात उभा राहिला की तिथला हॉल तो तोंड उघडण्याआधीच हसला. उसाला तोड कधी मिळणार हे ज्याच्या चिठ्ठीवर ठरतं, त्याच्यापुढे शेतकरी कसा मऊ होतो हे तिथे सांगावं लागत नाही. पुण्यात त्या प्रसंगावर खोकला ऐकू आला. संवादात खुलासा घातला असता तर विनोद दोन्हीकडे पडला असता. आम्ही चार सेकंदांचा एक जुना शॉट शोधून आधी लावला: चिटबॉयची मोटारसायकल दिसताच पारावरचे चौघे उठून उभे राहतात. पुण्याला तेवढं पुरलं. हेल मुद्दाम ओढलेली दोन वाक्यं मात्र कापली. पुण्यात त्यांना मोठा हशा होता, पण गावाकडच्या एका फॉर्मवर ‘आमच्यात असं कोण बोलत नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि ते बरोबर होतं. शेवटी लांबी 1 तास 38 मिनिटांवर आली.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन, ‘ई-सिनेप्रमाण’वर. विनोदी सिनेमाला तिथे धास्ती असते ती शब्द म्यूट होण्याची. शिवी पंचमध्ये असेल तर म्यूट केल्यावर विनोदच उरत नाही. अशा प्रत्येक वाक्याचा सौम्य पर्याय डबिंगच्या वेळीच घेऊन ठेवावा, तीच अक्षरसंख्या आणि ओठ मिटणारी अक्षरं त्याच जागी. 2024 च्या नियमांपासून यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. कौटुंबिक प्रेक्षक हवा असेल तर यातलं कुठलं चालेल ते आधी ठरवून कट करावा. विडीबद्दलही विचार करावा. तंबाखू पडद्यावर आला की 30-30 सेकंदांच्या आरोग्यविषयक फिती आणि 20-20 सेकंदांचं निवेदन सुरुवातीला व मध्यंतरापाशी लागतं, आणि त्या शॉटभर खाली इशारा झळकतो. डोळा त्या अक्षरांकडे जातो आणि नटाच्या चेहऱ्यावरचा विनोद निसटतो. आमच्या दुसऱ्या मसुद्यातच विडीची बडीशेप झाली होती. शेळी, बैल असतील तर जीवजंतू कल्याण मंडळाला शूटिंगच्या आधी कळवावं लागतं, नंतरची धावपळ उपयोगाची नाही.

इंग्रजी सबटायटलमुळेही हॉल दुभंगतो. पाया आणि पंच एकाच वेळी पडद्यावर आले की वाचणारा आधी हसतो आणि ऐकणारा दचकतो. परदेशातल्या मराठी मंडळांच्या शोमध्ये मुलं आई-वडिलांच्या आधी हसतात ती यामुळे. पॉजपाशी सबटायटल तोडायचं, पंचची ओळ नट तोंड उघडेल त्या फ्रेमवर.

डीसीपी, म्हणजे थिएटरला पाठवायची डिजिटल प्रत करताना कॅमेऱ्याचा वेग तपासावा. 25 फ्रेमने शूट केलेलं 24 वर तसंच नेलं तर सिनेमा चार टक्के मंदावतो. आमच्या लांबीला ती चार मिनिटं झाली असती, आणि प्रत्येक पॉज लांबला असता. आवाजाचं मिक्सिंग 85 डेसिबलच्या संदर्भपातळीवर होतं, म्हणजे थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) 7 वर. प्रत्यक्षात तक्रारी नकोत म्हणून हॉलवाले तो 5 वर ठेवतात. तिथे सहा-सात डेसिबल जातात, आणि आधी जातात ती पायाची हळू वाक्यं. म्हणून आम्ही अखेरचं मिक्स 5 वरही ऐकलं आणि कुजबुजीची वाक्यं वर उचलली. पहिल्या दिवशी पहिल्या शोला शेवटच्या रांगेत बसावं, पहिला पायाचा संवाद ऐकू आला नाही तर लगेच उठून प्रोजेक्शनवाल्याला फेडर साडेपाचवर घ्यायला सांगावं. मध्यंतरापर्यंत थांबलं की अर्धा सिनेमा गेलेला असतो.