सावंतवाडी ते पुणे: लोकर, लाकूड आणि आमचा पहिला स्टॉल

डिसेंबरात पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात मी आणि दादाने पहिल्यांदाच स्टॉल लावला, माझं विणकाम आणि त्याचं लेथवरचं, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावरचं लाकूडकाम. स्वतःच्या गाडीने गेलो, आंबोली, आजरा, उत्तूर, निपाणी आणि मग सरळ हायवे. पहाटे घाटात धुकं असतं, उजाडल्यावरच चढा, रस्त्याचं एवढंच. बाकी सगळं तयारीबद्दल लिहितेय, कारण कोकणातून देशावर माल न्यायचा म्हटलं की सगळ्यात आधी विचार हवेचा करायला लागतो.

आपल्याकडची हवा दमट आणि पुण्याची डिसेंबरातली एकदम कोरडी. लाकूड तिथे गेलं की ओल सोडतं आणि आकसतं, तेही सगळीकडून सारखं नाही, त्यामुळे इथे छान गोल बसणारं डब्याचं झाकण तिथे लांबगोल होऊन अडकतं. म्हणून दादा डबे आधी जाडसर कातून ठेवतो, पंख्याच्या खोलीत काही आठवडे वाळू देतो आणि मग शेवटचा हात फिरवतो, झाकणही जरा सैलच ठेवतो. झाकणाच्या वस्तूंना शक्यतो शिवण झाडाचं लाकूड वापरा, ते कमी हलतं. पांगारा हलका असतो, खेळण्यातल्या फळांना एकदम मस्त.

फिनिशचंही तसंच. लाखेचं काम असेल तर प्रश्नच नाही, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानेच वितळून बसते, वर केवड्याचं पान धरलं की चकाकी येते आणि त्याच दिवशी पॅक करता येतं. पण जवसाच्या तेलाचं फिनिश असेल तर ते मुरायला वेळ द्याच, नाहीतर शेजारी ठेवलेल्या पांढऱ्या स्वेटरवर डाग पडलाच म्हणून समजा, आणि वास तर लोकर लगेच धरते. आणि हो, तेलाची फडकी चुरगाळून एका जागी टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

लाकूड आणि लोकर एका टेबलावर दिसायला फार सुंदर दिसतात पण लाकडावर बारीकशी कूस, म्हणजे टोचणारा तंतू राहिला की संपलं, विणीचा धागाच ओढला जातो. आमची पद्धत अशी की पॉलिश पेपर मारून झाला की लोकरीचा एक तुकडा प्रत्येक वस्तूवरून फिरवायचा, हँगर आणि स्टँडवरून सुद्धा, जिथे अडकेल तिथे परत पेपर.

आता विणकाम. गिऱ्हाईक वीण बघत नाही असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. पहिल्याच दिवशी एक आजी आल्या, बाळाचा स्वेटर हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "उलटी बाजू दाखव गं." धाग्यांची टोकं कशी लपवलीत ते बघितलं, मग गळ्यात चार बोटं घालून ताणून बघितलं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून गळ्याचे टाके सैल बंद करा आणि खांद्यावर बटणं द्या, तीही ओढून बघा. बाळाच्या वस्तू मशीनमध्ये धुता येणाऱ्या धाग्याच्याच करा आणि लेबलवर धागा, माप, धुण्याची पद्धत मराठीत लिहा. डांबरगोळ्या नकोत, वास जात नाही, त्यापेक्षा वाळलेला कडुलिंब कापडी पुरचुंडीत ठेवा.

मोठे स्वेटर थोडेच न्या. लोक बघतात, कौतुक करतात आणि टोपडं-मोजे घेऊन जातात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, मोठ्या स्वेटरमुळेच तर पावलं थांबतात.

सोबत न्यायचं सामान: एक्स्टेंशन बोर्ड, एस हुक, सुतळी, सेफ्टी पिना, मैदानात धूळ फार उडते म्हणून रात्री झाकायला चादरी. पिवळसर बल्ब स्वतःचे न्या, पांढऱ्याफटक लाइटमध्ये लाकूड पार मेलेलं दिसतं, पण लोकरीचा खरा रंग दाखवायला गिऱ्हाइकाला उजेडात घेऊन जा. क्यूआर कोड दोन वेगवेगळ्या सिमच्या फोनवर ठेवा, गर्दीत नेटवर्क जातं, आणि सुटे पैसे तरीही लागतातच.

लाकडी किंवा विणलेली खेळणी विकणार असाल तर हे नीट वाचा. 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. त्या नोंदणीचं पहचान कार्ड मिळतं, सरकारी बाजारांत स्टॉलसाठीही तेच मागतात. दादाचं कार्ड होतं म्हणून भोवरे आणि खुळखुळे बिनधास्त मांडता आले. अर्ज स्टॉल बुक करायच्या बराच आधी करून ठेवा.