कॅनमधली कॅरॅमल कॉफी: तुम्ही विचारलंत म्हणून

न्यू जर्सीत शिकायला आलेली मुलं आमच्याकडे जेवायला आली की एक प्रश्न हमखास निघतो. काकू, गॅस स्टेशनच्या फ्रिजमध्ये ते जावा मॉन्स्टर नावाचं कॉफीचं एनर्जी ड्रिंक असतं ना, सॉल्टेड कॅरॅमलवालं, ते कसं लागतं? आणि परीक्षेच्या दिवसांत प्यायलं तर चालेल का?

लागतं छान. पहिल्या घोटाला गोडात मिसळलेलं मीठ कळतं, मग करपायच्या बेताला आलेल्या साखरेचा वास येतो, पाठोपाठ दूध. कॉफीचा कडूपणा सगळ्यांत शेवटी, तोही अगदी हलका. बाकीच्या एनर्जी ड्रिंकसारखा फसफसणारा गॅस यात नाही. मला यातलं दूध आवडतं. कॅनमधली दुधाची कॉफी टिकावी म्हणून ती कॅनसकट 120 अंशांच्या आसपास तापवून निर्जंतुक करतात. त्या उष्णतेत दुधातली साखर आणि प्रथिनं यांची एकमेकांवर क्रिया होते, दूध जरा तांबूस आणि खमंग होतं. बासुंदी आटवताना कढईच्या कडेला जी साय धरते, तिच्या जवळची ही चव. साध्या कॉफीत ती खटकली असती. कॅरॅमलमध्ये ती शोभते. कॅनमधल्या कॉफीला असले गोड स्वाद इतके का देतात, त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

काळजी वाटते ती मापाची. एका कॅनमध्ये 443 मिलिलिटर पेय आणि 200 मिलिग्रॅम कॅफिन. घरच्या काळ्या फिल्टर कॉफीच्या 240 मिलिलिटरच्या कपात साधारण 95 मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोन कपांहून थोडं जास्तच. पण गरम, कडू कॉफीचे दोन कप फुंकर घालत, गप्पा मारत प्यायले जातात. हे गार आणि गोड, पाच मिनिटांत कॅन रिकामा. भारतात कॅफिनयुक्त पेयांना लिटरमागे 300 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. या कॅनचा हिशेब लिटरमागे 450 च्या घरात जातो. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत सहसा त्रास होत नाही, असं अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन सांगतं. दोन कॅनमध्ये ते संपलं, आणि तुमचा सकाळचा चहा त्यात धरलेलाच नाही.

शाकाहारी मुली हळूच विचारतात, यात टॉरिन नावाचं द्रव्य घालतात, ते बैलापासून काढतात का? 1827 साली ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं, नाव तिथून आलं. आज पेयांत घालतात ते कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं. बिनधास्त प्या.

आता अभ्यासाचं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप येऊ लागते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. साठणं थांबत नाही, फक्त तुम्हाला ते जाणवत नाही. शिवाय निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास जातात. दुपारी चारला अख्खा कॅन घेतलात तर रात्री नऊला त्यातलं 100 मिलिग्रॅम अजून अंगात असतं, पहाटे दोनला 50. पाठ केलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच झोप तुम्ही मोडता. म्हणून प्यायचंच तर सकाळी, खाऊन झाल्यावर, ग्लासात ओतून अर्धा कॅन. उरलेला झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. छातीत धडधडत असेल, दिवस गेलेले असतील किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रात्री गाडी चालवून बॉस्टनला जाणारेही विचारतात. डोळे मिटायला लागले तर आधी गाडी हायवेवरच्या थांब्यावर, सर्व्हिस एरियात घ्या. अर्धा कॅन प्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून सीटवर झोपा. कॅफिनचा परिणाम जाणवायला तेवढा वेळ लागतोच. उठल्यावरही डोळे जड असतील, तर पुढे जाऊ नका. मला फोन करा, कितीही वाजलेले असोत.