निवृत्तीच्या वयानंतरही टूलरूममध्ये : आमची वाटचाल

आमचा धंदा सुट्या भागांचा आणि फिक्स्चरचा, म्हणजे मशिनवर भाग घट्ट धरणाऱ्या साधनांचा. वडिलांनी जुन्या लेथवर सुरू केला. पुढे मिलिंग आलं, ग्राइंडिंग आलं, मग सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं. मशिनं बदलली, माणसं मात्र बरीचशी तीच राहिली. एक वेळ अशी आली की निम्मे कामगार पन्नाशीच्या पुढचे होते आणि टूलरूममधले, म्हणजे जिथे ही साधनं बनतात तिथले, अनुभवी फिटर जवळपास एकदमच निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी तयार माणूस मिळत नव्हता. आजही मिळत नाही.

हे फक्त आमच्याकडेच घडतंय असं नाही. 2030 पर्यंत जगात दर सहा माणसांत एक साठीचा किंवा त्याहून मोठा असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जर्मनीत निवृत्तीचं वय 2031 पर्यंत 67 होणार आहे. जपानमध्ये 2021 पासून मालकांनी सत्तरीपर्यंत काम देण्याचा प्रयत्न करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. पण सरकारनं वय वाढवलं तरी मशिनपुढे पूर्ण पाळी उभं राहायचं असतं कामगाराला, आणि ती जागा त्याला सोसेल अशी करणं मालकाच्याच हातात असतं.

आम्हाला दिशा मिळाली ती बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीच्या जर्मनीतल्या डिंगॉल्फिंग कारखान्याच्या प्रयोगातून. 2007 मध्ये तिथल्या एका लाइनवर मुद्दाम सरासरी 47 वयाची टोळी ठेवली, कारण दहा वर्षांनी कारखान्याचं सरासरी वय तेवढंच होणार होतं. मग त्याच कामगारांना विचारून सत्तरेक बारीक बदल केले: पायाखाली लाकडी फरशी, टेकायला खुर्च्या, बारीक कामासाठी भिंगं. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली. यातलं 'त्यांनाच विचारून' हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आम्हीही विचारलं. पहिली मागणी उजेडाची आली. वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून तेच माप वाचायला जास्त प्रकाश लागतो. बेंचवर दिवे वाढवले, ड्रॉइंग मोठ्या कागदावर काढायला लागलो, व्हर्निअर डिजिटल घेतले. जड चक (लेथवर जॉब पकडणारा भाग) उचलायला छोटा हॉइस्ट बसवला. रात्रपाळी पन्नाशीनंतर ऐच्छिक केली. हॉइस्ट सगळ्यात जास्त वापरतात ती तरुण मुलं, आणि ते योग्यच आहे. आज पाठ सांभाळली तर पुढची वीस वर्षं ती साथ देईल.

खरा प्रश्न वेगळाच होता. हार्डनिंगनंतर, म्हणजे तापवून कडक केल्यावर, जॉब कुठे वाकेल, ग्राइंडिंगला किती माल सोडावा, कटिंगचा आवाज बदलला की इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं पातं) कधी काढावा, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. ते शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. पण शिकवायला थांबलं की नग कमी निघतात आणि इन्सेंटिव्ह बुडतो, मग कोण शिकवणार? म्हणून शिकवण्याचे तास आम्ही उत्पादनाच्या तासांइतकेच धरले. या एका निर्णयानं दिवे आणि हॉइस्टपेक्षा जास्त फरक पडला. उलट्या दिशेनंही शिकणं होतं: सीएनसीचे ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाच्या दुरुस्त्या, मुलं दाखवतात. ज्येष्ठांना त्यासाठी थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो देणं परवडतं.

निवृत्तीच्या वयानंतर जे थांबतात, त्यातले बहुतेक आठवड्यातले काही दिवसच येतात. तासाचा दर मात्र पूर्वीचाच. वय झालं म्हणून दर पाडणं मला अजिबात मान्य नाही. कौशल्य तेच आहे, तास कमी झालेत. ज्यांना घरी राहायचंय, त्यांना गळ घालायची नाही, हेही आम्ही पाळतो. आयुष्यभर उभं राहून काम केलेल्या माणसाचा तो हक्कच आहे.

म्हातारे थांबले तर तरुणांच्या जागा अडतात, असं मला सांगितलं जातं. बढती अडू नये याची काळजी घ्यावीच लागते, म्हणून निवृत्तीच्या वयाला सुपरवायझरचं पद सोडायचं, काम नाही, असा आमचा नियम आहे. बाकी सेटर, म्हणजे मशिन जुळवून देणारा, नसला की मशिन बंद पडतं आणि त्याच्या हाताखालची मुलंही रिकामी बसतात.

आता नवं ग्राइंडिंग मशिन घ्यायचं आहे. कोटेशन मागवण्याआधी टेबलाची उंची आणि स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार टूलरूममधली मंडळी ठरवणार आहेत.