बॉयलर पेटण्यापूर्वीचे कॅलिब्रेशन : माझा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात मी नोकरी करतो. गेला हंगाम संपल्यावर तापमान आणि पातळी मोजणाऱ्या सर्व उपकरणांचे आकडे अचूक आहेत का हे तपासून, म्हणजे कॅलिब्रेशन करून, ती पुढच्या हंगामासाठी तयार ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मिळालेली यादी लांबलचक होती आणि तिच्यातील बहुतेक उपकरणांकडे प्रयोगशाळेचे वैध प्रमाणपत्रही होते. परंतु टेबलावर बरोबर ठरलेले उपकरण रसाच्या पाइपवर किंवा बॉयलरच्या ड्रमवर (पाणी व वाफेच्या टाकीवर) बसवल्यावर बरोबरच दाखवील, याची हमी ते प्रमाणपत्र देत नाही. म्हणून प्रत्येक उपकरण त्याच्या जागेवर, तिथल्या परिस्थितीत तपासायचे, असे मी ठरवले.

सुरुवात तापमानापासून केली. रसाच्या आणि कंडेन्सेटच्या (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) लाइनवर, तसेच टर्बाइनच्या बेअरिंगवर आमच्याकडे पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजणारे) सेन्सर आहेत. या सेन्सरचा रोध ० अंश सेल्सिअसला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५१ ओहम असतो, म्हणजे एका अंशामागे तो जेमतेम ०.३८५ ओहमने वाढतो. साहजिकच तारांचा एक ओहम रोध जरी मोजमापात मिसळला, तरी तापमान अडीच अंशांहून अधिक चढे दिसते. तीन तारांच्या जोडणीत हा रोध वजा होतो. एका कंडेन्सेट लाइनवर मात्र जंक्शन बॉक्सच्या पुढे दोनच तारा ओढलेल्या आढळल्या. सेन्सर निर्दोष होता आणि तरीही आकडा चुकत होता. तिथे नवी केबल टाकून घेतली. फ्लू गॅसमधील (भट्टीतून निघणाऱ्या धुरातील) के प्रकारच्या थर्मोकपलच्या, म्हणजे दोन धातूंच्या जोडातील व्होल्टेजवरून तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या, बाबतीत याहून मोठी चूक होऊ शकते. बॉयलरच्या माथ्यावर ६० अंश आणि कंट्रोल रूममध्ये २५ अंश तापमान असताना मधल्या अंतरात थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंच्या कॉम्पेन्सेटिंग केबलऐवजी साधी तांब्याची तार वापरली, तर आकडा सुमारे ३५ अंशांनी कमी येतो. त्यामुळे या केबल मी टोकापासून टोकापर्यंत स्वतः पाहिल्या.

सेन्सरची प्राथमिक पडताळणी बर्फात आणि उकळत्या पाण्यात करता येते. यात आपल्या गावाची उंची विसरून चालत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. उकळत्या पाण्यात ९८ दाखवणारा सेन्सर ‘दोन अंश कमी’ ठरवून ट्रान्समीटरचा (सेन्सरचे मोजमाप कंट्रोल रूमकडे पाठवणाऱ्या उपकरणाचा) आकडा वाढवून घेतला, तर चांगल्या उपकरणात आपणच चूक भरतो. बर्फाच्या बिंदूवर उंचीचा परिणाम जवळजवळ नसतो, म्हणून मी शून्याची खात्री शुद्ध पाण्याच्या कुटलेल्या बर्फात केली आणि वरच्या तापमानांसाठी ड्राय ब्लॉक (ठरलेल्या तापमानाला तापवलेला धातूचा ठोकळा) वापरला.

हीच उंची इव्हापोरेटरच्या (रस आटवणाऱ्या यंत्रणेच्या) शेवटच्या बॉडीपाशी, म्हणजे भांड्यापाशी, पुन्हा आडवी येते. आपल्याकडे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरऐवजी सुमारे ७१० मिलिमीटर भरतो. गेजवर ६२० मिलिमीटर व्हॅक्यूम दिसत असेल, तर बॉडीतील निरपेक्ष दाब इथे ९० मिलिमीटर असतो. समुद्रकिनारी तो १४० असता. पहिल्या दाबाला पाणी ४९ अंशांच्या आसपास उकळते आणि दुसऱ्याला ५८-५९ अंशांना. व्हॅक्यूमवरून वाफेचे तापमान पडताळणाऱ्याने समुद्रसपाटीचा दाब धरून तक्ता वाचला, तर नऊ अंशांचा फरक पडतो आणि दोष विनाकारण सेन्सरला लागतो.

कोल्हापूरच्या पावसाचाही वेगळा विचार करावा लागला. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते, पीटी-१०० च्या दोन टोकांमध्ये गळतीचा मार्ग तयार होतो आणि दोन रोध समांतर जोडल्यासारखे होऊन आकडा खाली येतो. बेअरिंगच्या बाबतीत ही चूक धोक्याची आहे, कारण बेअरिंग तापूनही ते थंड असल्याचे दिसते. ट्रान्समीटर सोडवून प्रत्येक सेन्सरचा इन्सुलेशन रोध मोजला, ओले टर्मिनल वाळवले आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथले सील) बदलून घेतले. ज्यूस हीटरच्या थर्मोवेलवर (सेन्सर ज्यात बसतो त्या धातूच्या नळीवर) बसलेला क्षारांचा थरही खरवडून काढला. सल्फिटेशननंतरचा (गंधकाच्या धुराने स्वच्छ केलेला) रस १०२ ते १०५ अंशांपर्यंत तापवायचा असताना हा थर सेन्सरपर्यंत उष्णता पोहोचायला उशीर करतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह मागे-पुढे हेलकावत राहतो. सेन्सरचे टोक थर्मोवेलच्या तळाला टेकलेले असणेही तितकेच महत्त्वाचे. मध्ये हवेची पोकळी राहिली तर तीही असाच उशीर करते.

सर्वांत जास्त वेळ बॉयलर ड्रमच्या पातळीने घेतला, आणि तो तिला द्यायलाच हवा होता. पाणी कमी पडले तर नळ्या जळतात, जास्त झाले तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे जाऊ शकते. आमच्याकडे ही पातळी डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटरने, म्हणजे ड्रमच्या वरच्या आणि खालच्या जोडणीतील (टॅपिंगमधील) दाबांचा फरक मोजणाऱ्या उपकरणाने, मोजली जाते. वरच्या टॅपिंगला कंडेन्सेट पॉट (वाफेचे पाणी होणारे भांडे) असून त्याखालची नळी सतत थंड पाण्याने भरलेली असते. या स्थिर स्तंभाशी ड्रममधील पाण्याची तुलना होते, त्यामुळे ड्रम रिकामा असताना दाबातील फरक सर्वांत जास्त आणि भरलेला असताना सर्वांत कमी असतो. खरी अडचण घनतेची आहे. ४५ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाला ड्रममधील पाणी सुमारे २५७ अंशांवर असते आणि त्याची घनता घनमीटरला ७८८ किलोच्या जवळ उतरते. बाहेरच्या नळीतील कोमट पाणी मात्र ९९० च्या आसपास असते. दोन टॅपिंगमध्ये ५०० मिलिमीटर अंतर धरले, तर रिकाम्या ड्रमला ४८४ आणि भरलेल्या ड्रमला १०१ मिलिमीटर पाण्याचा फरक येतो. थंड पाण्याचा हिशेब धरून हीच रेंज ४९५ ते ० अशी लावली, तर चालू बॉयलरमध्ये निम्मा ड्रम भरलेला असताना पडद्यावर ४१ टक्के दिसतील आणि पूर्ण भरलेला ड्रम ८० टक्क्यांच्या पुढे जाणारच नाही. म्हणजे ८५ टक्क्यांवर ठेवलेला उच्च पातळीचा ट्रिप (यंत्रणा आपोआप थांबवणारी सुरक्षा) कधीच लागणार नाही. हे गणित मी कागदावर मांडून वरिष्ठांना दाखवले, कामाच्या दाबाप्रमाणे रेंज लावली आणि दाब बदलेल तशी घनतेची दुरुस्ती डीसीएसमध्ये (संगणकीय नियंत्रण यंत्रणेत) सुरू असल्याची खात्री करून घेतली.

मोलॅसिसच्या (मळीच्या) टाकीवरचे काम त्या मानाने सोपे होते. तिथल्या पातळी मोजणाऱ्या रडारच्या अँटेनावर साचलेला चिकट थर पुसला आणि टाकीत टेप सोडून पातळी जुळवून पाहिली.

अग्निप्रदीपन झाले, म्हणजे बॉयलर पेटवला, दाब हळूहळू वाढू लागला आणि आमचे ज्येष्ठ बॉयलर अटेंडंट, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ड्रममधील पाणी थेट दाखवणाऱ्या काचेसमोर (गेज ग्लाससमोर) उभे राहिले. “साहेब, आधी काच बघायची, मग कॉम्प्युटर,” असे ते म्हणाले आणि ते योग्यच होते. मात्र गेज ग्लासमधील पाणी ड्रममधल्या पाण्यापेक्षा थंड आणि जड असते, त्यामुळे काच खऱ्या पातळीपेक्षा थोडे कमी दाखवते. हे मी त्यांना समजावून सांगितले. दोन्ही आकड्यांत राहिलेला फरक आम्ही दाबाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर नोंदवला आणि तो त्या हिशेबात बसला. पुढे गाळप सुरू झाल्यावर वाफेची मागणी अचानक वाढली की दाब उतरतो, पाण्यातील बुडबुडे फुगतात आणि पातळी क्षणभर खोटी वर जाते, हेही अपेक्षेप्रमाणे दिसले. पातळीला वाफ आणि फीड वॉटर (बॉयलरला पुरवले जाणारे पाणी) यांचे प्रवाह जोडून चालणारे तीन घटकांचे नियंत्रण तेव्हा फीड व्हॉल्व्ह घाईने बंद करत नाही. या नोंदींचा तक्ता आता बॉयलरच्या पॅनेलजवळ लावला आहे आणि प्रत्येक पाळीचा अटेंडंट काच व पडदा यांचे आकडे त्यात शेजारी-शेजारी लिहितो.